लाल टोपण

“ताई, तुमचा कॉन्फिडन्स परत कसा आला?”

जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाच्या, शेवटच्या वर्षाच्या मुली विचारतात. नुकत्याच लागलेल्या सिस्टर विचारतात. अमळनेरची माझी मावशीही विचारते, तिच्या पद्धतीने: “आता हात कापत नाहीत ना गं?” मागच्या वर्षी माझ्याच कॉलेजने बोलावलं होतं, पास होऊन निघालेल्या मुलींना चार शब्द सांगायला. मी सांगितले. टाळ्या पडल्या, नारळ मिळाला. परतीच्या एसटीत बसल्यावर माझाच राग आला. बोललेलं खोटं नव्हतं, पण मधला एक भाग मी उडी मारून पुढे गेले होते. दरवेळी तिथेच उडी मारते. म्हणून आता एकदाच लिहून टाकते. पुन्हा विचारू नका.

पहिली नोकरी कशी असते हे तुम्हाला मी काय सांगू. मुदतीआधी सोडणार नाही असा बॉण्ड, कपाटात अडकवून ठेवलेली ओरिजिनल सर्टिफिकेट, नाईटला जोडून मॉर्निंग, “बदलीवाली आली नाही तर थांब” हे ठरलेलं वाक्य. 2016 साली सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने सांगितलं होतं की 50 खाटांपेक्षा लहान हॉस्पिटलातही नर्सला महिना 20 हजारांच्या खाली देऊ नये. मी 2019 च्या जानेवारीत जळगावात लागले तेव्हा हातात साडेआठ हजार पडत होते. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. नाव घेऊन आता काही होणार नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांच्याकडेही माझं नाव आहे.

तर तो नोव्हेंबर. मेडिकल वॉर्ड, नाईट, 24 पेशंट आणि मी. पाच पेशंटमागे एक नर्स हे आम्ही परीक्षेसाठी पाठ केलेलं. सोबत एक मावशी होत्या, त्यांना रात्री दोन वेळा कॅज्युअल्टीत बोलावून नेलं. हे सगळं मी आधी का सांगतेय ते तुमच्या लक्षात आलंच असेल. वकील असाच सुरू करतो.

बारा नंबरला पारोळ्याकडचे एक बाबा होते, सत्तरीचे, पायाच्या जखमेसाठी आलेले. रात्री साडेबाराला शुगर 342. आरएमओला, म्हणजे ड्युटीवरच्या डॉक्टरांना, फोन केला. झोपेतल्या आवाजात ते म्हणाले, “प्लेन बारा युनिट दे, सबकट.” प्लेन म्हणजे रेग्युलर इन्सुलिन, सबकट म्हणजे कातडीखाली. वॉर्डात इन्सुलिन संपलेलं. चिठ्ठी दिली. बाबांचा मुलगा खाली पळाला, जे मेडिकल उघडं होतं तिथून बाटली घेऊन आला. मी बाटली घेतली, वाचली. इन्सुलिन, बरोबर. रेग्युलर, बरोबर. एक्स्पायरी, बरोबर. ट्रेमधून सिरिंज घेतली, लाल टोपणाची, आमच्याकडे रोज असायची तीच. बारावर ओढलं, दंडाला दिलं, चार्टला लिहिलं, सही केली.

आमच्या वॉर्डात इन्सुलिन यायचं ते 40 चं. एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट. लाल टोपणाची सिरिंज त्याच्यासाठी असते. मुलाने आणलेली बाटली 100 ची होती. तिची सिरिंज वेगळी, नारिंगी टोपणाची. 100 च्या बाटलीतून लाल सिरिंजने बाराच्या रेघेपर्यंत ओढलं की ते बारा युनिट नसतात, तीस होतात.

बाटलीवर आकडा लिहिलेला होता. बारीक नव्हता. रंगीत पट्टीवर, ठळक. मी तो पाहिला नाही. म्हणजे डोळ्यांना दिसला असणार. पण मला वाचायचं होतं तेवढंच मी वाचलं.

सव्वातीनला मी राउंडला निघाले नव्हते. सात नंबरचं सलाईन संपत आलं म्हणून उठले आणि जाता जाता बाराकडे नजर गेली. बाबांची उशी ओली होती. मला वाटलं पाणी सांडलं. कपाळाला हात लावला तर घामाने थबथबलेलं आणि गार. नोव्हेंबरमध्ये, पंखा बंद असताना. “बाबा, ओ बाबा” म्हणून हलवलं तर डोळे उघडले, पण माझ्याकडे बघत नव्हते. जीभ जड. ग्लुकोमीटरवर 36.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. पंचवीस टक्के डेक्स्ट्रोजची, म्हणजे शिरेतून द्यायच्या साखरेची, शंभर मिलीची बाटली, तिच्या तोंडावरचं सील, नखाने ते निघत नव्हतं, दातांनी काढलं. सलाईनची लाईन नशिबाने चालू होती. आरएमओ आले. बाटली अर्धी गेली असेल तोवर बाबा बोलले. म्हणाले, “चहा शे का?”

आरएमओने टेबलावरची इन्सुलिनची बाटली उचलली, फिरवली, मग सिरिंजकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तेवढ्यात त्यांना सगळं कळलं. मलाही तेव्हाच कळलं, त्यांच्या तोंडाकडे बघून. ते हळू आवाजात म्हणाले, “रात्री जेवले होते का हे?” मी म्हटलं, अर्धी भाकरी. “मग तेवढंच लिही. जेवण कमी. त्यामुळे शुगर उतरली.”

मी लिहिलं. बाबा खरंच अर्धीच भाकरी जेवले होते. फाईलमध्ये एकही शब्द खोटा नाही.

सकाळी राउंडला हेच आरएमओ मोठ्या सरांसमोर, चार स्टुडंट आणि दोन नातेवाइकांसमोर म्हणाले, “हिला इंजेक्शनला हात लावू देऊ नका.” कारण सांगितलं नाही. सांगता येत नव्हतं ना. त्यामुळे सगळ्यांना वाटलं मी नुसतीच ढ आहे.

हा भाग मी कॉलेजात सांगते. “सगळ्यांसमोर अपमान झाला, मन खचलं.” मुली हळहळतात. आधीचा आणि नंतरचा भाग सांगत नाही.

नंतरचा असा. बाबा तिसऱ्या दिवशी घरी निघाले. त्यांच्या बायको, त्या आजी, मला शोधत नर्सिंग स्टेशनला आल्या. रात्री मी धावपळ केली हे त्यांनी पाहिलेलं. बाबांना मरणाच्या दारातून आणलं असं त्यांना मुलाने सांगितलेलं. त्यांनी माझे दोन्ही हात धरले, आपल्या कपाळाला लावले आणि म्हणाल्या, “तुना हातले गुण शे व माय.” आणि पिशवीतून बिबड्या काढून दिल्या. जोंधळ्याचे पापडच ते, वर्षभरासाठी घरी केलेले. मी घेतल्या. “नको आजी” एवढंही तोंडातून निघालं नाही.

शिव्या मी पचवल्या असत्या. साडेआठ हजारांत शिव्या धरलेल्याच असतात. बिबड्या नाही पचल्या. आईने त्या तळल्या, ताटात वाढल्या, मी उठून मागच्या अंगणात गेले.

त्यानंतर मला एकही इंजेक्शन धड देता येईना. औषध भरायचं, टोपण लावायचं, पुन्हा बाटली बघायची, पुन्हा काढायचं. एका पेशंटला वीस मिनिटं. बाकीच्या सिस्टर चिडायच्या आणि त्यांचंही चूक नव्हतं, माझं उरलेलं काम त्यांच्या अंगावर पडत होतं. डिसेंबरच्या शेवटी सोडलं. बॉण्डला एक महिना बाकी होता, त्यापायी एका महिन्याचा पगार गेला, तेव्हा सर्टिफिकेट सुटली.

घरी कापसाची वेचणी चालू होती. मी वेचणीला गेले. दादा (आम्ही वडिलांना दादा म्हणतो) एवढंच म्हणाले, “बोंडं मोडू नको, फक्त कापूस काढ.” तीन वर्षांच्या फीचं कर्ज त्यांच्या नावावर होतं, त्याबद्दल एक शब्द नाही. त्यांनी कधीतरी बोलायला हवं होतं असं मला अजून वाटतं.

मग मार्च आला. 2020 हे वर्ष जागतिक आरोग्य संघटनेने नर्स आणि सुईणींचं वर्ष म्हणून आधीच जाहीर केलं होतं, फ्लोरेन्स नाइटिंगेलच्या जन्माला 200 वर्षं होत होती म्हणून. 22 मार्चला, रविवारी संध्याकाळी पाचला, सगळ्या गल्लीने थाळ्या वाजवल्या. आईने पितळी परात काढली होती. शेजारच्या काकू मला म्हणाल्या, “तुमच्यासाठीच वाजवतोय गं!” मी पांढरा ड्रेस ट्रंकेत घालून तीन महिने झाले होते. मी पण वाजवली थाळी. काय करणार.

“कोविडमध्ये सगळे लढत होते आणि तू घरी?” हेही विचारून झालंय, तोंडावर नाही, आडून. त्याचं उत्तर असं की हो, होते. सप्टेंबरपर्यंत. तेव्हाच्या मला आज विचारलं तर ती म्हणेल, हात कापणारी सिस्टर वॉर्डात असण्यापेक्षा नसलेली बरी. मी तिला म्हणेन, नसलेली बरी हे ठरवणारी तू कोण, तिथे एकेक जण पीपीई किटमध्ये बारा-बारा तास उभी होती. ती म्हणेल, आणि पुन्हा 100 ची बाटली आली असती तर? इथे मी गप्प बसते. हे भांडण किती वेळा झालंय, दोघींपैकी कुणी जिंकत नाही.

सप्टेंबरमध्ये कंत्राटी भरती निघाली. मुलाखत पाच मिनिटंसुद्धा चालली नाही, माणसंच नव्हती. धाडस वगैरे काही नव्हतं. कर्जाचे हप्ते थकले होते आणि बँकेचा माणूस दादांना एसटी स्टँडवर सगळ्यांसमोर बोलला होता. तुम्हाला कॉन्फिडन्सची गोष्ट हवी आहे, तिची सुरुवात ही अशी आहे.

कोविड सेंटर आटोपल्यावर नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका ग्रामीण रुग्णालयात आले. तिथल्या इन्चार्ज सिस्टर निवृत्तीला आलेल्या, तोंडाने फटकळ. पहिल्याच दिवशी मी एक अँप्यूल, इंजेक्शनची काचेची कुपी, चौथ्यांदा वाचत होते, तर म्हणाल्या, “मनात काय वाचतेस? मनात माणूस आपल्याला पाहिजे ते वाचतो. तोंडाने वाच.” मी तोंडाने वाचलं. नाव, ताकद, तारीख. “आता पेशंटचं नाव वाच. आता टोच.” त्यांना माझी गोष्ट माहीत नव्हती. आजही नाही.

तेव्हापासून मोठ्याने वाचते. लोक हसतात. एकदा पावसाळ्यात, 2021 च्या ऑगस्टमध्ये, निंदणी करताना साप चावलेली बाई आली, पाय टम्म सुजलेला. काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेतलं. ती नळी वीस मिनिटं हलवायची नाही, मग तिरकी करून बघायची, रक्त गोठलंय का. मी तिच्याकडे बघत बसले. तिरकी केली, रक्त पाण्यासारखं वाहिलं. विष चढलेलं. मग सापाच्या विषावरची लस, दहा बाटल्या. आत भुकटी असते, प्रत्येकीत दहा मिली पाणी घालून विरघळवायची. घाईने हलवली तर फेस येतो, म्हणून तळहातात धरून सावकाश फिरवायची. माझे हात कापत होते. इन्चार्ज म्हणाल्या, “फेस आणशील बये,” आणि पाच त्यांनी घेतल्या. मी एकेक बाटली वाचून फिरवत होते, दहाच्या दहा, त्यांच्या हातातल्यासुद्धा. बाईचा नवरा आधी भगताकडे जाऊन आलेला. तो दुसऱ्याला सांगत होता, इथे पण मंतर टाकतात.

सहा तासांनी पुन्हा नळी लावली. या वेळी रक्त गोठलं.

ही गोष्ट ऐकली की मुली म्हणतात, “म्हणजे तिथून कॉन्फिडन्स आला!” नाही ना बाळांनो. दुसऱ्या दिवशी साधं धनुर्वाताचं इंजेक्शन देताना माझा हात पुन्हा कापला. अजून कापतो कधी कधी. इन्सुलिनची बाटली हातात आली की पहिल्यांदा आकडा बघते आणि बघितल्यावरही पोटात गोळा येतो. तुम्ही ज्याला कॉन्फिडन्स म्हणता तो मला नोव्हेंबरच्या त्या रात्री साडेबारा वाजता भरपूर होता. अकरा महिन्यांत शेकडो इन्सुलिन दिली होती, डोळे मिटून देता येत होती. दिलीच की.

आता काय आहे त्याला नाव मला सुचत नाही. काम होतं. नाईट निघते. आता कुणी फोनवर डोस सांगितला की मी उलट वाचून दाखवते, आणि डॉक्टर चिडले तरी चिडू देते. वॉर्डात आता दोन्ही टोपणांच्या सिरिंज वेगळ्या डब्यात आहेत, डब्यावर मी स्केचपेनने लिहिलंय, दर पावसाळ्यात ते पुसतं, पुन्हा लिहिते.

पारोळ्याच्या स्टँडवर गाडी थांबली की मी खिडकीतून बघते. बाबा पुढे किती जगले, माहीत नाही. आजी समोर आल्या तर काय बोलायचं हेही नाही. फाईलला अजून “जेवण कमी” असंच असेल.

गेल्या आठवड्यात एका मुलीचा फोन आला, धुळ्यात नवीन लागलीय. आवाजावरूनच कळलं काहीतरी झालंय. म्हणाली, “ताई, समजा आपल्या हातून डोस चुकला, पेशंट बराय, कुणाला कळलं नाहीये. सांगायचं का?”

मी म्हटलं, सांग. आत्ता. इन्चार्जला सांग, लिहून दे, उद्यावर ढकलू नको.

ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, “तुम्ही सांगितलं होतंत?”

मी म्हटलं, नंतर बोलू, ओपीडी भरलीय.

त्या दिवशी रविवार होता.