आईविना वाढणारी पिल्लं: डोळे उघडले, आता गवताकडे

मागच्या नोंदीत एवढंच लिहिलं होतं, की आमच्या सशांतली पांढरी मादी व्यायल्यावर दुसऱ्याच दिवशी गेली आणि मागे चार पिल्लं राहिली. त्यानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून आता सविस्तर. चारातली तीन आहेत. डोळे उघडलेत, कान उभे राहू लागलेत आणि थोरल्याला खोक्याच्या काठावरून बाहेर उडी मारायची घाई झालीय.

आधी एक गोष्ट सांगते, कारण थंडीत कोणाचा ना कोणाचा फोन येतोच: "मादी पिल्लांकडे ढुंकून बघत नाही, टाकलीत वाटतं." सशाची आई चोवीस तासांत एकदा, फार तर दोनदा पाजते. तेही जेमतेम तीन-चार मिनिटं आणि बहुतेक वेळा आपण झोपेत असताना. एरवी ती मुद्दाम लांब राहते, म्हणजे शिकारी जनावराला पिल्लांचा माग लागत नाही. तेव्हा आईकडे नाही, पिल्लांच्या पोटाकडे बघायचं. सकाळी पोट गोल, कातडी ताणलेली, पिल्लू गप्प झोपलेलं, तर आई येऊन गेली. पोट खपाटीला, कातडी सुरकुतलेली, हात लागताच तोंड वर करून चाचपडतंय, तर उपाशी आहे.

आमच्याकडे तो प्रश्नच नव्हता. दुसरी कोणी मादी नुकती व्यायलेली असती, तर ही पिल्लं सरळ तिच्या घरट्यात मिसळली असती. वयात दोन-तीन दिवसांचा फरक असला तरी मादी सहसा खळखळ न करता पाजते, आणि आपल्या सिरिंजपेक्षा ते केव्हाही बरं. ओळखीत सगळीकडे विचारलं, कोणाकडेच नव्हती.

ऊब

दुधाबद्दल सगळे विचारतात, उबेबद्दल कोणी नाही. माझ्या मते पहिल्या आठवड्यात खरी मरतूक इथेच होते. पिल्लाच्या अंगावर केस नसतात, त्याला तिशीच्या आसपास तापमान लागतं, आणि सांगलीकडची जानेवारीतली पहाट काही तेवढी दयाळू नसते. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजायचंच नाही. त्याचं आतडं चालत नाही, दूध तसंच पडून राहतं आणि पोट फुगतं. आधी ऊब, मग दूध.

बुटाचं खोकं, तळाला कोरडं गवत, त्यावर आईनेच व्यायच्या आधी छाती-पोटाचे उपटून ठेवलेले केस. मादी गेली तरी ते केस फेकू नका, त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही. कापूस नको, त्याचे धागे पायाला गुंडाळले जातात. खोक्याच्या अर्ध्याच भागाखाली गरम पाण्याची बाटली, जुन्या पायमोज्यात घालून. अर्ध्याच अशासाठी, की फार गरम झालं तर पिल्लांना सरकायला जागा राहते. बल्ब लावला नाही, आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही. थर्मामीटर आहे, पण पिल्लं जास्त खरं सांगतात. एकमेकांच्या खाली घुसायची धडपड चाललीय म्हणजे गारठलीत. अंग टाकून एकेकटी पसरलीत, कान लाल झालेत, म्हणजे बाटली काढा.

दूध

सशाच्या दुधात स्निग्धांश साधारण 12 ते 15 टक्के, प्रथिनंही दहाच्या वर, आणि साखर जेमतेम दोनेक टक्के. गाई-म्हशीच्या दुधात साखर पाचेक टक्के. म्हणून पिशवीतलं दूध पाजलं की हगवण ठरलेली. मी मांजरीच्या पिल्लांची दूध पावडर वापरते. ती येईपर्यंत शेजारच्या शेळीचं दूध, त्यात थोडी बिनसाखरेची क्रीम.

माप: पहिल्या आठवड्यात एका पिल्लाला दिवसभरात मिळून 4 ते 5 मिली, दुसऱ्यात 10 ते 15, तिसऱ्यात 15 ते 30. लहान जातीला याहून कमी. हे सगळं दोनच वेळांत, सकाळी आणि रात्री. दर दोन तासांनी पाजायचा मोह आवरा. पोट रिकामं व्हायला वेळ मिळायला हवा, आणि दर वेळी खोकं उघडलं की ऊब जाते ती वेगळीच.

एक मिलीची सिरिंज, सुई काढलेली, तोंडाला सायकलच्या व्हॉल्व्हच्या नळीचा तुकडा. पाजण्याआधी तो दर वेळी ओढून बघते, सुटला तर पिल्लू गिळेल. पिल्लाला उताणं धरायचं नाही. चौपायी बसवायचं, डोकं जरा वर, आणि थेंब ओठाच्या कडेला. जीभ इवलीशी बाहेर येते, थेंब ओढते, मग पुढचे पाय सिरिंजवर मालिश केल्यासारखे चालू होतात. तो ताल सुटला की दाब थांबवायचा. नाकपुडीत दुधाचा बुडबुडा दिसला तर लगेच तोंड खाली करून पुसायचं. फुप्फुसात गेलेलं दूध पिल्लाला दोन दिवसांत घेऊन जातं.

पाजून झालं की कोमट पाण्यात पिळलेल्या मऊ फडक्याने पोटाखाली, शेपटीच्या दिशेने हलकेच पुसायचं. डोळे उघडेपर्यंत पुष्कळ पिल्लांना लघवी आपणहून होत नाही, आई चाटून करवते. थोरला मात्र हातात घेताच मोकळा होतो, माझे दोन स्वेटर त्याच्या नावे लागलेत.

सर्वांत बारकं पाचव्या दिवशी गेलं. आदल्या रात्रीच त्याचा काटा खाली आला होता आणि चोखणं मंदावलं होतं. हाताने वाढवलेल्या पिल्लांत असं होतं.

डोळे आणि पोट

दहाव्या ते बाराव्या दिवसात डोळे उघडतात. मधल्याच्या एका डोळ्याला चिकटा होता, सलाईनच्या ओल्या बोळ्याने पुसल्यावर सुटला. ओढून उघडायचा नाही.

त्यानंतरचा कठीण टप्पा पोटाचा. आईच्या दुधात पोटातले घातक जंतू रोखणारं काहीतरी असतं, पावडरीत ते नाही. आणि गवत पचवायला लागणारे जंतू पिल्लाला मोठ्या सशाकडूनच मिळतात. मोठा ससा दोन तऱ्हेच्या लेंड्या टाकतो. सुक्या गोल आपण रोज झाडतो. दुसऱ्या मऊ, चकचकीत, इवल्या द्राक्षाच्या घडासारख्या, ज्या तो स्वतःच खाऊन टाकतो. आमच्या निरोगी नराकडून त्या पहाटे मिळवल्या आणि चिमूटभर दुधात कालवून दिल्या. घरच्यांनी नाकं मुरडली. मुरडोत.

आता खोक्यात वाळलेलं गवत आणि लसूणघास आहे, उथळ वाटीत पाणी. भाजी अजून नाही, गाजर तर नाहीच. तिसऱ्या आठवड्याअखेर वजनं: थोरला 210 ग्रॅम, मधला 195, धाकटी वाटतंय ती 160. आईच्या दुधावरच्या पिल्लांपेक्षा कमी, पण चढती. कोणाची हगवण लागली तर घरातलं औषध देऊ नका. ॲमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक तोंडाने दिलं तर सशाचा जीव जाऊ शकतो, म्हणून डॉक्टर ससे बघणारेच हवेत.

मध्ये भाच्याचा फोन आला: "आत्या, ऊसतोडीत सशाची दोन पिल्लं सापडलीत, तुझ्याकडे आणू?" विचारलं, अंगावर केस आहेत का, डोळे उघडे आहेत का. दोन्ही हो. म्हणजे रानससा. त्याची पिल्लं जन्मतःच केसाळ आणि डोळस असतात, बिळात राहत नाहीत, आई अंधार पडता येऊन पाजते. तोड चाललेल्या फडातून जवळच्या बांधावर गवतात ठेवायला सांगितलं आणि कुत्री बांधायला लावली. रानसशाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, घरी पाळता येत नाही. जखमी असतील तर वनविभागाचा 1926 नंबर.

दूध सहाव्या आठवड्यापर्यंत चालू ठेवणार, धाकटीचं वजन थांबलं तर आणखी लांबवेन. तीन महिन्यांच्या आत नर-मादी वेगळे करायचेत, त्यानंतर भावंडं आहेत हे त्यांच्या गावीही नसतं. मागण्या आत्ताच दोन आल्यात. पण नर कोण, मादी कोण हे नीट कळेपर्यंत आणि तिघंही निव्वळ गवतावर तगेपर्यंत मी कोणालाच शब्द देत नाही.