सँडविच कुत्र्याला घातलं होतं का?

मी शब्दखेळ लिहिते म्हटलं की एक प्रश्न ठरलेला असतो: 'खेळणाऱ्याची इतकी सोय बघायची, तर मग खेळात राहिलं काय? जुने खेळ कसे अवघड असायचे!' तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

शब्दखेळ म्हणजे टेक्स्ट ॲडव्हेंचर. चित्र नाही, जागेचं वर्णन वाचायचं आणि 'उत्तरेला जा', 'दिवा घे' अशा आज्ञा टाइप करायच्या.

जुने खेळ अवघड होते, मान्य. पण कशामुळे? १९७०च्या दशकातल्या 'कोलॉसल केव्ह'मध्ये दिव्याची बॅटरी चालीगणिक संपते, हातात मोजक्याच वस्तू मावतात. भुलभुलैयात सगळ्या जागांचं वर्णन सारखंच, म्हणून जागोजागी एकेक वस्तू टाकून कागदावर नकाशा काढायचा. ही युक्ती पहिल्यांदा सुचते तेव्हा मजा येते. पुढच्या खेळात पुन्हा तेच, म्हणजे निव्वळ हमाली.

छळाचा कळस इन्फोकॉम या खेळ बनवणाऱ्या कंपनीच्या १९८४च्या 'हिचहायकर्स गाईड'मध्ये. सुरुवातीला पबमध्ये चीज सँडविच मिळतं. ते बाहेरच्या कुत्र्याला घातलं नाही, तर खूप पुढे त्याच कुत्र्याच्या घशात तुमचा चिमुकला अंतराळताफा जातो. तोवर पबकडे परतायची वाट बंद झालेली, सँडविच आणणार कुठून? विनोद म्हणून फर्मास, पण मेल्याशिवाय जे कळूच शकत नाही त्याला कोडं कसं म्हणायचं? (इन्फोकॉम अदृश्य शाईतल्या उत्तरांच्या पुस्तिका वेगळ्या विकायची, खास पेन फिरवलं की उत्तर उमटायचं. अडलेलं गिऱ्हाईक परवडत असणार!)

शब्दखेळ लिहिणारे अँड्र्यू प्लॉटकिन यांनी शब्दखेळांसाठी एक मोजपट्टी केली, ती मला फार पटते. ती काठिण्य मोजतच नाही, क्रूरपणा मोजते. एका टोकाला दयाळू खेळ, त्यात कधी कायमचं अडकायलाच होत नाही. दुसऱ्या टोकाच्या खेळात आपण कधीच हरलोय आणि तरी खेळतोय, याचा पत्ताच नसतो. दयाळू खेळातलं कोडंही आठवडाभर डोकं खाऊ शकतं.

तेव्हा सोय कुठे करायची आणि कुठे नाही, एवढाच माझा हिशेब. किल्लीचंच घ्या. किल्ली जवळ आहे म्हणून दार आपोआप उघडलं, तर 'ही किल्ली या दाराची' हे खेळानेच ओळखलं. खेळणाऱ्याच्या तोंडचा घास गेला. म्हणून पहिल्यांदा त्यानेच कुलूप काढायचं. नंतर मात्र 'उत्तरेला जा' म्हटलं की माझा खेळ मुकाट्याने कुलूप काढून दार उघडतो. दर खेपेला तीन आज्ञा कशाला? क्रियापदांचंही तसंच: 'ओढ', 'खेच', 'हिसक', काहीही लिहा, दोरी हलेल. शब्दखेळ लिहिणारेच ग्रॅहम नेल्सन यांनी खेळाडूच्या हक्कांची सनद लिहिली, तिच्यातही नेमकं तेच क्रियापद सुचायची सक्ती नको, असं कलम आहे.

'अनडू' असल्यामुळे तर माझी भीड चेपली. कड्यावरून उडी मारायची? मारा. मराल, एक चाल मागे याल. खेळणाऱ्याला तासभर मागे जावं लागलं असतं, तर तो कडा मी ठेवलाच नसता.

इशारे तेवढे मागितल्याशिवाय देत नाही. बराच वेळ काही टाइप केलं नाही म्हणजे माणूस अडलाच, असं खेळाने का धरून चालावं? विचार करत असेल.