शेवंडीला नांगे कुठून आले?

कॅनडात मॉन्क्टनला आल्यावर पहिली नोकरी लागली ती एका सुपरमार्केटच्या फिश काउंटरवर, म्हटलं चला, वेंगुर्ल्याच्या माणसाला मासे काय शिकवणार हे लोक. पहिल्याच आठवड्यात आईला व्हिडिओ कॉलवर टाकीतला लॉबस्टर दाखवला तर ती म्हणते, "ही शेवंड न्हय रे, हिका डेंगे खंयसून इले?"

बरोबर होतं की तिचं! आपली शेवंड बिननांग्याची, नुसत्या लांब मिशा. इंग्लिशवाले दोघांनाही लॉबस्टर म्हणून मोकळे होतात पण फ्रेंचमध्ये नांगेवाला तो ओमार आणि आपली शेवंड ती लांगूस्त, म्हणजे आई न शिकताच फ्रेंच बोलली 😄

आमचा न्यू ब्रन्सविक हा कॅनडातला एकमेव अधिकृत द्विभाषिक प्रांत, १९६९ पासून तसा कायदाच आहे, आणि पाकिटांवरची लेबलं तर देशभर इंग्लिश-फ्रेंच दोन्ही भाषांत. आता शेलफिश हा शब्द घ्या, त्यात कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, कालवं सगळं एकाच पिशवीत. फ्रेंचमध्ये शिंपल्यांतले ते कोकियाज आणि पायवाले ते क्रुस्तासे, सरळ दोन ढीग. त्यात परत इथले अकेडियन, म्हणजे जुने फ्रेंच वंशाचे लोक मऊ कवचाच्या क्लॅमला कॉक म्हणतात, सरकारी कागदावर तिचंच नाव 'मी' (mye), आणि फ्रान्समध्ये कॉक म्हणजे आपल्या खुब्यांसारखा प्रकार. डोकं फिरतं.

मला सगळ्यात आवडला तो बेरीड हा शब्द. अंडी असलेली लॉबस्टरची मादी मिळाली की समुद्रात परत सोडावी लागते, तिच्या पोटाखाली बारीक बोरांसारखे गच्च घोस चिकटलेले असतात म्हणून इंग्लिशमध्ये ती बेरीड. फ्रेंचमध्ये नुसतं अंडीवाली. इथे मात्र इंग्लिशला मार्क.

माझी फजिती झाली ती फ्रान्सहून आलेल्या एका बाईंमुळे. त्यांनी मागितलं कोकी सें-जाक आणि मी मोठ्या आत्मविश्वासाने फ्रीजरमधला एक बॉक्स काढून दिला, कारण कॅनडात त्या नावाने शिंपलीत भरलेला, वर बटाटा-चीज लावलेला तयार पदार्थ मिळतो. त्यांना हवे होते साधे स्कॅलप, म्हणजे एक प्रकारचे शिंपले, जे इथे पेतोंक्ल नावाने समोरच बर्फावर पडले होते. ते दाखवले तर म्हणतात, ह्यातला नारिंगी भाग कुठाय? इथे फक्त मधला पांढरा गोळा विकतात, शिंपली आणि गाबोळी आधीच काढलेली. बाई माझ्याकडे अशा बघत होत्या जणू तो भाग मीच खाल्ला.

शेवटी त्यांनी शिनाणे, म्हणजे मसल्स घेतले. त्यांना इथेही मूल, तिथेही मूल, भानगडच नाही. रात्री आईला कौतुकाने सांगितलं, आज एका बाईला दोन किलो मूल विकले.

"मेल्या, काय इकलंस?"