फोनवरचे डॉक्टर आणि आशाताईंचे बॉलपेन

गेली दोन वर्षे मी महिन्यातून एकदा ठाण्याहून लोकलने आसनगाव आणि तिथून जीपने शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर जाते. तिथल्या एका मावशींचे कुष्ठरोगाचे १२ महिन्यांचे औषध गेल्या वर्षीच पूर्ण झाले. रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन ही औषधे विनामूल्य मिळतात आणि जंतूंचा बंदोबस्त करतात. परंतु त्यानंतरही शरीरात उरलेल्या मृत जंतूंविरुद्ध प्रतिक्रिया उसळू शकते, जुने चट्टे लाल होऊन सुजतात, नस ठणकते आणि वेळीच उपचार न झाल्यास हात कायमचा अधू होऊ शकतो.

या पावसाळ्यात मावशींचे कोपर दुखू लागले. भातलावणीचे दिवस असल्याने मजुरी बुडवून ठाण्याला येणे त्यांना परवडणारे नव्हते, म्हणून गावाजवळच्या आरोग्य केंद्रातून ई-संजीवनी या सरकारी दूरस्थ वैद्यकीय सल्ला सेवेवर डॉक्टरांशी बोलणे झाले. चट्ट्यांची लाली त्यांना पडद्यावर दिसली, पण बधिरपणा कॅमेऱ्याला दिसत नाही आणि कोपरामागची जाड झालेली नस बोटांनाच कळते. शेजारी बसलेल्या आशाताईंनी मावशींना डोळे मिटायला सांगितले आणि बॉलपेनच्या टोकाने तळहाताला हलकेच स्पर्श केला. ‘कुठं लागलं ते दाखवा, मावशी.’ करंगळीच्या बाजूला त्यांना काहीच कळले नाही. त्याच आठवड्यात प्रत्यक्ष तपासणी होऊन प्रेडनिसोलोन हे सूज कमी करणारे स्टिरॉइड सुरू झाले.

आशाताईंनी ही तपासणी आधी मोबाईलवरच्या प्रशिक्षणात पाहिली होती, पण हात बसला तो कुष्ठरोग तंत्रज्ञांसोबत घरोघरी फिरल्यावर. दूरस्थ प्रशिक्षणात हा सराव सक्तीचा असावा, असे माझे ठाम मत आहे.

पाड्यावरच्या एका तरुणाने चट्टे उठल्यावर नववीत शाळा सोडली. आता उपचार पूर्ण झालेल्या या मुलाला घरी राहून शिकण्यासाठी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात प्रवेश हवा आहे. पण त्याची कोरडी, वाकलेली बोटे फोनच्या पडद्यावर नीट चालत नाहीत आणि परीक्षेत पेन धरणेही कठीण आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कुष्ठरोगमुक्त व्यक्तींचा समावेश असल्याने लेखनिकाची सोय मागता येईल, मात्र दिव्यांग प्रमाणपत्रासाठी तपासणीला स्वतः यावे लागते. मंगळवारी तो ठाण्याला येतो आहे. मी स्टेशनवर त्याची वाट पाहीन.