वजनाचं ऑपरेशन करायचं की नाही : माझा अनुभव

उंची १५८ सेंटिमीटर, वजन ९६ किलो. किलोला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागलं की बीएमआय निघतो. १.५८ गुणिले १.५८ म्हणजे जवळपास २.५, त्यानं ९६ ला भागलं की ३८.५. जोडीला सात वर्षांची शुगर, दोन गोळ्या आणि रात्रीचं इन्सुलिन घेऊनही एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ८.९. हे कागद घेऊन मिरजेला सर्जनकडे गेले तेव्हा माझ्याकडे एकच प्रश्न होता, वजन उतरवायला जठर लहान करतात त्या ऑपरेशनच्या निकषात मी बसते का? त्याचं उत्तर पाच मिनिटांत मिळालं. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे बीएमआय ३५ किंवा जास्त असेल तर दुसरा आजार नसला तरी ऑपरेशन सुचवतात. ३० ते ३५ मध्ये शुगरसारखा आजार असेल तर विचार करतात. आशियाई लोकांना हाच पर्याय २७.५ पासून खुला धरतात, कारण आपल्याकडे कमी वजनातच पोटाभोवती चरबी साठते आणि शुगर लागते. खरे प्रश्न त्याच्या पुढे होते.

आधी वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांचा. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत सव्वा वर्षात सरासरी १५ टक्के वजन उतरलं, टिर्झेपटाइडच्या मोठ्या डोसनं सुमारे २० टक्के. ऑपरेशनच्या स्लीव्ह या प्रकारानंतर साधारण २५ टक्के आणि जठराच्या बायपासनंतर ३० टक्क्यांच्या आसपास उतरतं. पण सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश वजन परत आल्याचं दिसलं आहे, म्हणजे इंजेक्शन आणि त्याचा खर्च दोन्ही चालूच ठेवावे लागतात. बीएमआय तिशीच्या जवळ असता तर मी इंजेक्शनच घेतलं असतं. ३८ आणि न आवरणारी शुगर, यात मला ऑपरेशन जास्त पटलं.

मग कोणतं ऑपरेशन? दोन्ही दुर्बिणीतूनच होतात. आपल्याकडे जो तो स्लीव्हच सांगतो. त्यात जठराचा पाऊण भागाहून जास्त कापून काढतात आणि केळ्याएवढी नळी ठेवतात. भूक चाळवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः कापलेल्या भागात तयार होतं, म्हणून भूकही कमी लागते. कापलेलं परत जोडता येत नाही. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलीची पिशवी करतात आणि लहान आतडं वळवून तिला जोडतात.

मीही स्लीव्ह धरूनच चालले होते. तोंडातून नळी घालून जठर बघतात त्या एंडोस्कोपीनं बेत बदलला. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला आम्लानं सोललेल्या रेघा आणि जठराचा थोडा भाग छाती-पोटामधल्या पडद्यातून वर सरकलेला, म्हणजे हायटस हर्निया. रात्री उशी उंच करून झोपायची सवय मी वर्षानुवर्षं 'पित्त' म्हणून मनावर घेतली नव्हती. स्लीव्हनंतर ती अरुंद नळी आतला दाब वाढवते आणि जळजळ वाढू शकते, काहींना त्यापायी पुढे बायपास करून घ्यावा लागतो. ज्यांना जळजळ आहे त्यांनी एंडोस्कोपीचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय स्लीव्हला हो म्हणू नये, असं माझं ठाम मत आहे. त्याच तपासणीत एच. पायलोरी हा जंतूही बघतात, सापडला तर आधी त्याचा औषधांचा कोर्स.

बाकी तपासण्या भराभर झाल्या : सोनोग्राफी, ईसीजी, टूडी इको, थायरॉईड, बी१२, डी जीवनसत्त्व, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), आणि घोरणं असल्यामुळे झोपेची तपासणी. झोपेत श्वास अडकत असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते आधी कळायलाच हवं. समुपदेशकाशीही तासभर बोलणं झालं. मन खचलं की मी जेवणाऐवजी गोड खाते, हे तिथे पहिल्यांदा कागदावर आलं.

एक गोष्ट जरा सविस्तर लिहिते, कारण सांगली-साताऱ्याकडच्या बायकांच्या ती कामाची आहे. फॉर्मवर 'तंबाखू?' असं विचारलं होतं, तिथे मी 'नाही' लिहिलं. आहारतज्ज्ञ बाईंनी समोर बसवून विचारलं, "ताई, मिश्री लावता का?" लावत होते, सकाळ-संध्याकाळ. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. हिरडीतून निकोटिन रक्तात जातं, रक्तवाहिन्या आकसतात, जोड भरायला उशीर लागतो आणि बायपासच्या जोडावर अल्सर होतो. निदान सहा आठवडे आधी बंद, आणि पुन्हा कधीच नाही. जोडावर अल्सर होण्याचं दुसरं कारण म्हणजे अंगदुखीच्या गोळ्या. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक कायमचं वर्ज्य. गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणायची सवय असेल तर बायपास ठरवण्याआधी सर्जनला सांगा.

मेडिक्लेमचा निकष डॉक्टरी निकषापेक्षा कडक आहे. विमा नियामकाच्या ठरीव अटीप्रमाणे वय १८ किंवा पुढे, बीएमआय ४० किंवा जास्त, नाहीतर ३५ किंवा जास्त आणि जोडीला हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र आजार किंवा उपचारानंतरही न आवरणारी शुगर यांपैकी काही. शिवाय साधे उपाय करून झाले याचा पुरावा लागतो. तिथे माझी जुनी फाइल उपयोगी पडली : डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, वजनाच्या नोंदी, दर तीन महिन्यांचे शुगरचे रिपोर्ट. आहाराचा सल्ला तोंडी घेतला असेल तर तो लिहून मागा. पॉलिसीतला प्रतीक्षा काळही वाचा. आणि दवाखान्याच्या अंदाजपत्रकात जठर कापून शिवणाऱ्या स्टेपलरच्या किती कार्ट्रिज धरल्या आहेत, जास्त लागल्या तर पैसे वेगळे का, हे विचारा. ती कार्ट्रिज महाग असते.

दवाखाना निवडताना पुण्याचं नाव घरात बरंच निघालं. सांगलीहून पुणे सव्वादोनशे किलोमीटर. स्टेपलरच्या रेषेतून किंवा जोडातून गळती होण्याचं प्रमाण शंभरात एक-दोन असं धरतात, पण ती घरी आल्यावरही होऊ शकते. ताप येण्याच्या आधी नाडी वाढते. शांत पडून असतानाही ठोके १२० च्या वर राहिले, डावा खांदा दुखला, धाप लागली, तर वाट बघायची नसते. म्हणून ज्यांच्याकडे अशी ऑपरेशनं नियमित होतात आणि अतिदक्षता विभागही आहे, अशातलं जवळचं ठिकाण मी निवडलं. पायात गुठळी होऊ नये म्हणून ऑपरेशनच्याच संध्याकाळी चालवतात, तेही आधीच विचारून ठेवलं.

माझा होकार खरा ठरला तो स्वयंपाकघरात. ऑपरेशनआधी दोन आठवडे ८०० ते १००० कॅलरीचा आहार घ्यावाच लागतो, त्यानं यकृत लहान होतं. चरबीनं फुगलेलं यकृत जठरावर येतं आणि सर्जनला वाट मिळत नाही. (या दिवसांत इन्सुलिनचा डोस डॉक्टरांकडून कमी करून घ्यायचा, नाहीतर शुगर एकदम खाली जाते.) मी त्याच्या महिनाभर आधी चार दिवस ऑपरेशननंतरचं खाणं करून बघितलं. १० मिलीचं औषधाचं टोपण घेतलं. तीन टोपणं ताक, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा तीन टोपणं. एक वाटी संपायला तास-सव्वा तास जातो. दिवसभरात दीड लिटर पोटात जायला हवं, पण जेवताना पाणी नाही आणि जेवणानंतर अर्धा तास नाही. शेतावर किंवा दुकानात असणाऱ्या माणसाला हे घड्याळ लावूनच जमेल.

प्रथिनं रोज ६० ते ८० ग्रॅम. अंड्यात ६, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, ३० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत १५. हुलग्याचं माडगं पातळ करून दुसऱ्या आठवड्यापासून चालेल असं बाईंनी सांगितलं, फक्त फोडणीला तिखट नको. गरम चपाती आणि मऊ भात मात्र गोळा होऊन अडकतात. दोन महिन्यांनी भाकरीचा पापुद्रा आमटीत कुस्करून बरा उतरतो. उलट पेढा, आइस्क्रीम, उसाचा रस, भडंग पिशवीतून सरळ खाली जातात. दोन वर्षांनी वजन परत चढतं त्यात यांचा मोठा हात असतो. शिवाय बायपासनंतर गोड एकदम आतड्यात उतरलं की घाम, धडधड, जुलाब होतात, त्याला डम्पिंग म्हणतात.

गोळ्या जन्मभर : मल्टिव्हिटॅमिन, बी१२, डी, लोह, कॅल्शियम सायट्रेट. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर, लोहाबरोबर चहा नाही. सतत उलट्या होत असतील तर बी१ घटून मेंदूला आणि नसांना इजा होते, तेव्हा ताबडतोब दवाखाना. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास केस गळतात, बहुतेकींचे परत येतात. मूल हवं असलेल्यांनी १२ ते १८ महिने थांबायचं.

वेळापत्रक लिहून फ्रिजला लावलं आणि सासूबाईंना वाचून दाखवलं, कारण सणाला ताटात आग्रहानं वाढणाऱ्या त्याच. त्यांनी विचारलं, "पुरणपोळी किती?" मी म्हटलं, "पहिलं वर्ष नाही, आई." त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "मग कटाची आमटी तुझ्यापुरती वेगळी काढून ठेवते, बिनतिखटाची." दुसऱ्या दिवशी मी फोन करून बायपासची तारीख घेतली.