दिवसाला आठ चौकटी

डोंगरातल्या तीन दिवसांच्या पायपिटीला निघताना मी एकच कॅमेरा घेतला: काळी चौकोनी पेटी, पुढे एकाच काचेचे साधे भिंग, बाजूला शटरची खटकी आणि रोल सरकवण्याची चावी. कोडॅकची पहिली ब्राउनी, म्हणजे अशीच साधी पेटी-कॅमेरा, १९०० साली आली आणि पुढच्याच वर्षी तिच्या दुसऱ्या नमुन्यासाठी १२० क्रमांकाचा रोल निघाला. तो आजही तयार होतो, म्हणूनच अशी पेटी अजून प्रवासाला नेता येते. एका रोलवर सहा बाय नऊ सेंटिमीटरच्या आठच चौकटी बसतात. दिवसाला एक रोल, असा मी नेम केला.

या कॅमेऱ्यात जुळवण्यासारखे फारसे काही नसते. शटरचा वेग ठरलेला, सेकंदाचा साधारण पन्नासावा भाग. छिद्र लहान, त्यामुळे तीनेक मीटरच्या पुढचे सारे बऱ्यापैकी स्पष्ट. लख्ख उन्हात १०० आयएसओची (प्रकाशाला कमी संवेदनशील) फिल्म, ढगाळ दिवशी जास्त संवेदनशील ४०० ची, एवढीच निवड काय ती करायची. कृष्णधवल निगेटिव्ह जास्तीचा प्रकाश बराच सोसते. कमी प्रकाश मात्र सोसत नाही, कारण सावलीत जे उमटलेलेच नाही, ते डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उठवणाऱ्या रसायनात, कितीही वेळ ठेवले तरी हाती लागत नाही. हाताशी ठरवण्याजोगे काहीच नसल्यामुळे चालताना माझे सगळे लक्ष उजेडाकडे लागून राहिले.

पहिल्या सकाळी दरीत धुके होते. जवळची कडा जवळजवळ काळी, तिच्यामागची करडी, आणि सर्वांत दूरची आभाळात विरघळलेली. रंग नसल्यामुळेच अंतर एवढे स्पष्ट दिसते, असे मला वाटते. पुढे वाटेवर लालभडक रानफुलांचा ताटवा लागला आणि मी खटकीवरचे बोट मागे घेतले. आजच्या फिल्मवर तो लाल आणि भोवतालच्या पानांचा हिरवा जवळजवळ एकाच करड्या छटेत उतरला असता. दुपारी पांढरे ढग आले, तेव्हा भिंगासमोर पिवळा फिल्टर धरला. तो निळे आभाळ गडद करतो आणि ढगांना उठाव देतो.

चौकटीचा आकडा मागच्या लाल खिडकीतून दिसतो. ती खिडकी लाल रंगाला न जुमानणाऱ्या जुन्या फिल्मसाठी होती. आताच्या फिल्मवर लाल उजेडही उमटतो, म्हणून मी तिच्यावर काळी पट्टी लावली होती आणि ती सावलीतच उचलत होतो.

दुसऱ्या दिवशी ओढ्यावरच्या पुलापाशी बराच वेळ थांबलो. पेटी छातीशी धरून, श्वास रोखून वरच्या छोट्या काचेत पाहिले, तर डावे-उजवे उलटे, त्यामुळे पलीकडून येणारी वाटसरू भलत्याच बाजूने चौकटीत शिरली. ती मधोमध आली आणि मी खटकी दाबली. रोल पुढे सरकवायचा मात्र राहून गेला आणि संध्याकाळची कडाही त्याच चौकटीवर उमटली.

घरी अंधारात रोल रिळावर चढवला. डेव्हलपर, चित्र टिकवणारा फिक्सर आणि धुणे झाल्यावर ओली पट्टी खिडकीसमोर धरली. दुसऱ्या रोलवरच्या पाचव्या चौकटीत पूल कड्याच्या पोटातून आरपार गेला आहे, आणि ती बाई डोंगरातून चालते आहे. सर्वांत मोठी प्रत मी तिचीच काढणार आहे.