तुम्ही विचारलंत म्हणून: मठ्ठ्याचा जग

"ताई, तुम्ही आधी बुजऱ्या होता हे खरं वाटत नाही, बोलायला शिकलात कुठे?" हे मला बरेच जण विचारतात. परवा एका मुलीने विचारलं आणि सोबत हेही सांगितलं की नव्या ऑफिसात तीन आठवडे झाले, ती डबा जागेवरच एकटी खाते. ते ऐकून राहवलं नाही, म्हणून नीट लिहितेय.

मी शिकले पंगतीत वाढताना. कॉलेजला होते, मामेभावाचं लग्न, मी नेहमीसारखी खोलीत सगळ्यांच्या पर्सा सांभाळत बसलेली कारण तिथे कोणी काही विचारत नाही, आणि वाढायला माणसं कमी पडली म्हणून मामीने माझ्या हातात मठ्ठ्याचा जग दिला. पहिल्या रांगेत तोंडातून शब्द फुटेना. पण पंगतीत काय बोलायचं ते आधीच ठरलेलं असतं ना, "मठ्ठा वाढू?" एवढंच, समोरचा हो म्हणतो किंवा वाटीवर हात आडवा धरतो आणि आपण पुढच्या पानाकडे जातो, सगळ्यांचं लक्ष जिलबीकडे असतं. हात आडवा धरणारे पन्नासेक तरी असतील, आणि त्याचं काहीच वाटलं नाही! तिसऱ्या पंगतीला मी एका आजोबांना "थोडा तरी घ्या" असा आग्रह करत होते, ते "कोणाची गं तू?" विचारत होते आणि मी आईचं नाव, गाव, शिक्षण सगळं सांगत होते.

खूप नंतर आरईबीटी ही मानसोपचाराची पद्धत काढणाऱ्या अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाबद्दल वाचलं. त्यालाही मुलींशी बोलायची प्रचंड भीती. 19 वर्षांचा असताना त्याने ठरवलं, महिनाभर न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या बोटॅनिकल गार्डनमध्ये जायचं आणि बाकावर एकटी बाई दिसली की बोलायचंच. तो सांगायचा, 130 जणींपैकी 30 उठून गेल्या, 100 जणींशी बोलणं झालं, भेटायला एकच तयार झाली आणि तीही आली नाही. भीती मात्र गेली. बाकावर निवांत बसलेल्या अनोळखी बाईला गाठा असं मी कोणाला सांगणार नाही, तिलाही तिची शांतता हवी असते, पण नकार पुष्कळ वेळा पचवल्याशिवाय त्याची धार जात नाही हे मला पटलंय.

जग खाली ठेवल्यावर मी पुन्हा गप्प व्हायचे, हेही खरं, आणि ते बरीच वर्षं चाललं. मग मी निमित्तं शोधायला लागले. सोसायटीची वर्गणी, भिशीचा हिशोब, ट्रेकला हजेरी घेणं, म्हणजे पहिलं वाक्य कामाचं असलं की दुसरं आपोआप यायचं.

त्या मुलीला मी म्हटलं, उद्या घरून लोणच्याची बरणी ने, डबा घेऊन सगळे बसतात तिथे जा आणि एवढंच विचार, "लोणचं वाढू?"